फ्रिजच्या दारातल्या बाटल्या

आमची थोरली जाऊ महाहट्टी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल काही बरं बोलले तर तिची तळी उचलते असं कुणाला वाटायला नको. तिच्या डोक्यात एक गोष्ट बसली की बसली, मग तुम्ही कपाळ आपटा नाहीतर पाया पडा. तिचं पाळणाघर आहे. मी तिथंच तिच्या हाताखाली भात शिजवते, दुपटी धुते, पोरांची नाकं पुसते. घरी जाऊ आणि कामावर मालकीण, बघा माझं नशीब.

पण पोरांच्या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नाही, हेही तितकंच खरं. घरभर पोरं झोपलेली असताना कोण कुरकुरलं ते ती पाठमोरी असूनही सांगते. झोपलेल्या पोराची नखं अशी कापते की त्याची पापणी हलत नाही. कुणाला पालथं झोपल्याशिवाय झोप लागत नाही, कुणाला दुसऱ्याच्या कानाची पाळी धरायला लागते, कोण घास गालात दाबून ठेवतं आणि तासाभरानं हळूच सतरंजीखाली सरकवतं, सगळं तिच्या डोक्यात असतं. स्वतःचा चष्मा मात्र सकाळ-संध्याकाळ मला शोधून द्यावा लागतो.

सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत सतरंज्या आणि भिंतीला खुंट्या, खुंटीगणिक एका पोराची पिशवी. मागच्या खोलीत गॅस, बादल्या आणि एक जुना फ्रिज. त्याचं दार गुडघा मारल्याशिवाय लागत नाही. रस्त्यापलीकडे शर्ट शिवायचा कारखाना. सकाळी भोंगा झाला की आया पोरं आमच्या हातात कोंबतात आणि धूम ठोकतात. फाटकावर त्यांचे मोबाइल जमा करून घेतात, ते संध्याकाळी परत. मधे आभाळ कोसळलं तरी आईला कळायचं नाही. निरोप द्यायचा तर वॉचमनला सांगा, त्याच्या मनात आलं तर तो आत कळवणार, सुपरवायझरच्या मनात आलं तर तो बाईला सांगणार. आणि बाई मशीनवरून मधेच उठली तर तिचा सगळा दिवस गेला.

आता थोरलीचा नियम सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

थोरलीचा मुलगा लहान होता तेव्हा त्याला न्यूमोनिया झाला होता. पोर निळं पडलं होतं. दवाखान्यात इंजेक्शनं दिली, मग घरी द्यायला पांढरं औषध. बाटलीत नुसती पावडर असते, त्यात उकळून गार केलेलं पाणी घालायचं, हलवायचं आणि द्यायचं. पोर वाचलं. आज तो एवढा दांडगा झालाय की आमच्या दारातून वाकून यावं लागतं, आणि आईला फोन करायचा म्हटलं तर त्याला सवड होत नाही. पण त्या हलवून द्यायच्या औषधावर थोरलीची भक्ती जडली ती जडलीच. कुणाला नुसती शिंक आली तरी ही म्हणणार, "अँटिबायोटिक सुरू कर गं, अंगावर काढू नकोस."

मग एका थंडीत पाळणाघरात सर्दी शिरली. एकाचं नाक गळायला लागलं आणि बघता बघता सगळ्या खोलीत शेंबूडच शेंबूड. आयांचे खाडे झाले. त्या दारात येऊन थोरलीला वाट्टेल ते बोलल्या. "तुमच्याकडेच लागलं, मावशी. तुम्ही आजारी पोरं आत घेताच कशी?" थोरली त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं फर्मान काढलं: नाक गळतंय, खोकला आहे, तर अँटिबायोटिकची बाटली पोराबरोबर आली पाहिजे. बाटली असेल तर पोर आत. नसेल तर आई आणि पोर दोघंही घरी.

तेव्हापासून फ्रिजच्या दारात बाटल्यांची रांग लागली. पोराच्या पिशवीला ज्या रंगाचा दोरा, त्याच रंगाचा दोरा बाटलीच्या गळ्याला. दुपारी पोरं झोपायच्या आधी थोरली बाटली दणादण हलवणार, मापाच्या झाकणात ओतून डोळ्यांसमोर धरणार, आणि एकेकाच्या तोंडात घालणार. एक वेळ चुकवली नाही तिनं. त्या वेळी मी हाक मारली तर मला गप्प करायची, मंत्र म्हणताना कुणी मधे बोलल्यासारखं.

आमच्या कोपऱ्यावर लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई बसतात. एक दिवस त्या स्वतःच दवाखाना बंद करून आमच्या दारात उभ्या.

"मावशी, हा काय दंडक काढलाय तुम्ही? रोज आया येतात. पोर खेळतंय, खातंय, नुसतं नाक गळतंय, आणि म्हणतात अँटिबायोटिक लिहून द्या, नाहीतर मावशी घेत नाहीत."

"बरोबरच सांगतात," थोरली म्हणाली.

"अहो, साध्या सर्दी-खोकल्याला ते लागतच नाही. सर्दी व्हायरसची असते आणि हे औषध व्हायरसचं काही वाकडं करू शकत नाही. शेंबूड हिरवा झाला, पिवळा झाला, तरी नाही. सर्दी आठवड्या-दहा दिवसांत आपली आपण जाते. खोकला आणखी थोडा रेंगाळतो, रेंगाळू दे. उगाच औषध दिलं की पोरांना जुलाब लागतात, पुरळ उठतं. वर जंतू निर्ढावतात, मग खरी गरज पडते तेव्हा तेच औषध उपयोगी पडत नाही."

"आणि माझा मुलगा कशानं वाचला मग?"

"त्याला न्यूमोनिया होता, मावशी. तिथं ते लागतंच आणि ताबडतोब लागतं. कधी कान वाहतो, कधी घशाचा एखादा प्रकार असतो, तिथंही तपासून आम्ही देतो. पण तुम्ही बाटली बघू नका हो, पोराचा श्वास बघा. पोर शांत असताना त्याचा शर्ट वर करा आणि मिनिटभर मोजा. वर्षावरच्या पोराचा श्वास चाळीस किंवा त्याच्या वर गेला, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, पोर पीत नाही, मलूल पडलंय, तर माझीसुद्धा वाट बघू नका. सरळ मोठा दवाखाना गाठा."

थोरलीनं सगळं ऐकून घेतलं. त्यांना चहा दिला. त्या गेल्यावर कप विसळत म्हणाली, "शिकलेली आहे बिचारी, पण तिच्या घरी कुठं पोर निळं पडलंय." झालं, विषय संपला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगू का, मलाही कुठं कळत होतं कोण बरोबर ते? एकीकडे डॉक्टरकीचं शिक्षण, दुसरीकडे मरता मरता वाचलेला आमचा पुतण्या. मी आपली भात ढवळत राहिले.

मेल्या मधल्यामधे त्या आया. डॉक्टरीणबाई लिहून देत नाहीत, मावशी घेत नाहीत, सुपरवायझर रजा देत नाही. तिकडून हाकलल्या की इकडे, इकडून हाकलल्या की तिकडे. काहीजणी मेडिकलवाल्याच्या हातापाया पडून चिठ्ठीशिवाय बाटली आणायच्या. आणि काहीजणींनी वेगळीच शक्कल काढली. आम्हाला ती फार उशिरा कळली, पण तुमच्यापासून लपवून काय करू? जुनी रिकामी बाटली धुवायची. त्यात साखरेचं पाणी आणि चिमूटभर दुधाची पावडर घालायची. हलवली की हुबेहूब. मावशीही खूश, सुपरवायझरही खूश, आणि पोराला तर काय, गोडच.

ही शक्कल पहिल्यांदा काढली काजवालीनं.

ती कारखान्यात काजाच्या मशीनवर होती. दिवसभर शर्टांना काजं पाडायची, म्हणून सगळ्या तिला काजवालीच म्हणायच्या. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. तो घरी आला की पोरगी आधी आईच्या मागे लपायची, आणि तिची भीड चेपेपर्यंत त्याची निघायची वेळ व्हायची. पोरीचं नाव आम्ही भिंगरी ठेवलं होतं. दोन वर्षांची, दिसायला चिमणीएवढी, पण एका जागी बसेल तर शपथ. भात भरवायला मी ताटली घेऊन तिच्यामागे दोन्ही खोल्यांतून धावायची. मी चिडून म्हणायची, "अगं ए भवाने, टेक की जरा." ती खिदळायची आणि सायकलवाल्याच्या दुकानात घुसायची. तोसुद्धा बिचारा पाना खाली ठेवून तिला काखोटीला मारून आणून द्यायचा.

औषधाच्या वेळी मात्र ही पोरगी स्वतःहून पुढे. आ करून उभी राहायची, वर झाकण चाटून पुसून परत द्यायची. थोरलीला कोण कौतुक! "बघा गं, गुणाचं पोर, औषधाला कधी नाही म्हणत नाही." आणि आम्ही दोघी हसायचो.

काजवालीला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. नाक गळतंय म्हणून तिनं पोरीला डॉक्टरीणबाईंना दाखवलं होतं. त्यांनी छाती तपासली, साधी सर्दी आहे, औषध नको म्हणाल्या, आणि श्वास बघत राहा म्हणून बजावलं. तिनं ते मानलं. म्हणजे आम्हा सगळ्यांत डॉक्टरीणबाईंचं ऐकलेली ही एकटीच. बाटलीत साखरेचं पाणी घातलं ते फक्त दार उघडावं म्हणून. पण श्वास बघत राहा म्हणे. कधी बघणार होती ती? सकाळी भोंग्याच्या आधीच्या घाईत पोरगी झोपेतच खांद्यावर, संध्याकाळी दमून पुन्हा खांद्यावर. सगळा दिवस पोरगी आमच्याकडे, आणि आम्ही बघत होतो बाटली.

सर्दी बरी होत आली होती. मग मधेच ताप चढला. काजवालीनं सकाळी तापाचं औषध दिलं, ताप उतरला, ती पोरीला घेऊन आली. "मावशी, जरा किरकिर करतेय, लक्ष ठेवा हं," म्हणाली आणि भोंगा झाला म्हणून पळाली.

त्या दिवशी भिंगरी धावली नाही.

मी ताटली घेऊन गेले तर तिनं तोंड फिरवलं. मी म्हटलं, "जाऊबाई, हिनं काही खाल्लं नाही."

"औषधानं तोंड कडू होतं गं."

"अंग कोमट लागतंय."

"औषध चालू आहे ना? उतरेल. चांगली मुरलेय बाटली पोटात, आज-उद्या गुण येईलच." असं म्हणून तिनं पोरीला उचलून घेतलं आणि वर मलाच म्हणाली, "बघ, आज कशी शहाण्यासारखी आहे. तू उगाच तिला भवानी म्हणतेस."

संध्याकाळी काजवालीनं विचारलं, "कशी होती?" थोरलीनं सांगितलं, "शांत होती. औषध वेळेवर दिलंय, काळजी करू नकोस." त्या औषधात काय आहे ते काजवालीला ठाऊक होतं, पण पोरगी दिवसभर कशी श्वास घेत होती ते ठाऊक नव्हतं. थोरलीनं श्वास बघितला होता, पण औषधात काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. दोघी दारात समोरासमोर उभ्या होत्या हो! एक जरी एक शब्द जास्त बोलली असती तर! पण काजवाली खरं बोलती तर दुसऱ्या दिवशी दार बंद, आणि थोरलीला शंकाच नाही. एक गेली घरी, दुसरी सतरंज्या झटकायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप पुन्हा औषधानं उतरवलेला. दुपारी मी ताटल्या घेऊन बाहेर आले आणि भिंगरीकडे माझी नजर गेली. ती भिंतीला टेकून बसली होती. नाकपुड्या फुलत होत्या आणि पोट लोहाराच्या भात्यासारखं चाललं होतं. मी म्हटलं, "जाऊबाई, इकडे या." ती बाटली हलवतच आली. पोरगी सवयीनं तोंड उघडायला गेली, पण तिला गिळवेना. ते पांढरं पाणी ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळलं.

थोरलीनं तिचा फ्रॉक वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. एवढ्या वर्षांत मी तिचा चेहरा तसा कधी पाहिला नव्हता. ती पोरीला घेऊन उठली ती अनवाणीच रस्त्यावर. सायकलवाल्यानं एक टेम्पो अडवला. बाकीची पोरं त्याच्या हवाली करून मी फाटकाकडे पळाले. वॉचमन म्हणाला, सुट्टी होऊ दे. मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, रस्त्यावर बसकण मारून बोंब ठोकली, तेव्हा कुठं तो आत गेला. काजवाली आली ती अंगाला दोऱ्याचे तुकडे चिकटलेली, एका बोटावर रबराची टोपी तशीच. टेम्पोत तिनं पोरीला जवळ घेतलं आणि एकदाही विचारलं नाही काय झालं म्हणून. तिनं नुसता पोरीच्या छातीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. पोरीला बघताच त्यानं तिला उचलून आत नेलं, तोंडावर ऑक्सिजन लावला. मग घाईघाईनं बाहेर आला. "न्यूमोनिया आहे. एक बाजू पूर्ण भरलेय. आधी कुठलं औषध चालू होतं?"

थोरलीला जणू तोच एक आधार होता. तिनं मुठीत तशीच राहिलेली बाटली पुढे धरली. "हे अँटिबायोटिक. सर्दी झाल्या दिवसापासून. एक वेळ चुकवली नाही मी, डॉक्टर. माझ्या हातानं दिलंय."

डॉक्टर बाटली बघून म्हणाला, "इतके दिवस हे चालू असताना एवढं वाढलंय? म्हणजे याला दाद देत नाहीये. मग मला वेगळं—"

"त्यात औषध नाहीये," काजवाली म्हणाली.

"काय?"

"साखरेचं पाणी आहे त्यात. दुधाची पावडर आहे. डॉक्टरीणबाई औषध नको म्हणाल्या होत्या. पण बाटलीशिवाय घेत नाहीत. माझी कामावरून..." ती एकदम थोरलीच्या दंडाला धरून म्हणाली, "मावशी, मी काय करणार होते? तुम्हीच सांगा ना, मी काय करणार होते?"

डॉक्टरनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो मान हलवून आत पळाला. थोरली ती बाटली हातात धरून उभी होती. मग ती खाली बसली, त्या फरशीवर, माणसांच्या वाटेतच. एक बाई म्हणाली, सरका की बाजूला. तिला ऐकूच आलं नाही.

आता शिरेतून खरं औषध सुरू झालं. आम्हाला काचेतून बघू द्यायचे. एवढीशी पोर आणि तिला एवढ्या नळ्या. तिचा बाप कुठल्या तरी रस्त्यावर होता, येतोय येतोय म्हणून फोन करत होता. डॉक्टर म्हणत होता, प्रयत्न चालू आहेत. आम्ही काय करू शकत होतो? पाणी आणायचं, बाकावर बसायचं, दार उघडलं की उठायचं, परत बसायचं. दोन दिवसांनी सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, भिंगरी गेली. बाप पोचायच्या आधी.

त्यानंतरचं काय सांगू? थोरलीनं पाळणाघर बंद ठेवलं. मी भीत भीत डोकावले तर ती फ्रिजसमोर जमिनीवर बसलेली. दारातल्या सगळ्या बाटल्या काढून पुढे मांडल्या होत्या आणि एकेकीचं झाकण उघडून बोट बुडवून चाखत होती. "ही कडू आहे," म्हणाली आणि एका बाजूला ठेवली. "ही गोड. हीसुद्धा गोड." मी म्हटलं, "अहो उठा, काय करताय?" तिनं मलाही बसवलं. "तू चाख. मला आता माझ्या जिभेचा भरवसा नाही." मी चाखलं. जवळपास निम्म्या नुसत्या गोड होत्या. खऱ्या औषधातही साखर असते, पण खालून कडवटपणा येतोच.

मग ती दोऱ्यांच्या रंगावरून आठवायला लागली. निळा दोरा, तो बरा झाला. पिवळा, तीही बरी झाली. कडू बाटलीची पोरं बरी झाली होती, गोड बाटलीचीही तितक्याच दिवसांत बरी झाली होती. उलट कडू बाटलीच्या दोघांना जुलाब लागले होते, त्यांची दुपटी मीच धुतली होती. थोरली त्या बाटल्यांकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी कशाला हलवत होते गं एवढी वर्षं?"

मी बाटल्या मोरीत ओतल्या.

मग ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. मलाही नेलं. बाहेर पेशंट बसलेले होते, तरी ही सरळ आत. "मला एकच सांगा. बाटलीत खरं असतं तर पोर वाचलं असतं का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नुसत्या सर्दीत खरं औषध दिलं असतं तरी पुढचा न्यूमोनिया टळला असता असं नाही, मावशी. त्यासाठी ते देतही नाहीत. दम लागायला लागला त्या दिवशी तिला आणलं असतं तर... तर बरीच शक्यता होती. मी खोटं बोलणार नाही."

थोरलीनं मान डोलावली. तिला निदान दोष पाण्याचा हवा होता. तेवढाही मिळाला नाही.

पाळणाघर पुन्हा उघडलं तेव्हा तिनं दारातच आयांना सांगितलं, "बाटल्या नकोत. नुसत्या सर्दीला काही नको. मी रोज श्वास मोजीन, दम दिसला तर तुम्हाला कारखान्यातून ओढून बाहेर काढीन." आणि मोजतेसुद्धा. सकाळी एकेका पोराचा शर्ट वर करून घड्याळ धरून बसते. पण लोक बघा कसे असतात! काहीजणी आपसात म्हणाल्या, मावशीच्या डोक्यावर परिणाम झालाय, आता आजारी पोरं बिनऔषधाची आत घेते. त्या पोरं घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या पाळणाघरात गेल्या. तिथं बाटली मागतात. थोरली त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेली, हात जोडले, समजावलं. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्हीच तर शिकवलंत ना आम्हाला."

काजवाली कामावर लवकरच परत आली. घरी बसून काय करणार, आणि रजा तरी कोण देतंय. पहिल्या संध्याकाळी भोंगा झाला, आया आल्या, मी एकेक पोर हातात देत होते. रांगेत पुढचे हात आले ते काजवालीचे. सवयीनं आली होती. दोन्ही हात पुढे केलेले. मी गोठले. तिलाही तेव्हाच कळलं. हात खाली घेऊन ती तिथंच उभी राहिली, मागच्या बाया तिच्या बाजूनं आल्या, पोरं घेतली आणि गेल्या.

सगळ्या गेल्यावर थोरली बाहेर आली. मला वाटलं आता काजवाली हिला फाडून खाणार. खाल्लं असतं तरी थोरली हू का चू करणार नव्हती. पण काजवालीनं फक्त विचारलं, "मावशी, आदल्या दिवशी ती काय करत होती? दवाखान्याच्या आदल्या दिवशी. मी नव्हते ना."

थोरलीनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "माझ्या मांडीवर होती."

"किती वेळ?"

"दिवसभर. खालीच उतरली नाही."

"दिवसभर?" काजवाली उंबऱ्यावर बसली. "माझ्या मांडीवर कधी बसलीच नाही हो ती. घेतली की निसटायची. मग काय केलं तिनं?"

"माझा अंगठा धरून ठेवला होता. मी तिच्या केसांतून हात फिरवत होते. मधेच झोप लागली तिला. उठली तर पुन्हा माझ्याच कुशीत शिरली."

"आणि मग?"

"मग तू आलीस."

आता ती रोज येते. भोंगा झाला, पोरं गेली की उंबऱ्यावर बसते आणि म्हणते, "सांगा ना, मावशी." थोरली सांगते, अंगठ्यापासून सुरू करून शेवटपर्यंत, रोज तेच. मी आत भांडी घासत ऐकते. त्या दिवशी मांडीवरच्या पोरीचा श्वास कसा चालला होता, तेवढं ती गाळते. काजवालीही ते विचारत नाही. ऐकून झालं की ती डबा उचलते आणि घरी जाते.